नेपाळची वाट : धर्मानंद कोसंबी आणि बौद्ध देशांची ओढ

१

मराठी माणसाच्या दूरच्या प्रवासाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुख्यतः दोन दिशा होत्या. एक काशी-रामेश्वराची आणि दुसरी विलायतेची. पहिल्या दिशेने जाणारा पुण्य घेऊन परतत असे, दुसऱ्या दिशेने जाणारा पदवी घेऊन. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते ग्वाल्हेरकडील यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने, आणि बंडाच्या धामधुमीतून वाचून परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला, तोवर मराठीत विलायतेच्या प्रवासवर्णनांचीही परंपरा सुरू झाली होती. या दोन्ही वाटांवर बौद्ध देश कोठेच येत नव्हते. सिंहलद्वीप ठाऊक होते ते रामायणातील लंका म्हणून. ब्रह्मदेश ठाऊक होता तो सागवानाचा आणि तांदळाचा देश म्हणून, तसेच त्याच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले म्हणून. नेपाळ हे पशुपतिनाथाचे राज्य होते. या देशांत बुद्धाचा धर्म काही स्वरूपात जिवंत आहे, ही गोष्ट सामान्य मराठी वाचकाच्या जाणिवेत जवळजवळ नव्हतीच.

अशा काळात गोव्यातील साखवाळ या खेड्यातला एक तरुण, ज्याला इंग्रजी येत नव्हते आणि ज्याच्या गाठीला पैसा नव्हता, केवळ बुद्धधर्म प्रत्यक्ष पाहावा आणि शिकावा म्हणून घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, बोधगया, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करून तो सात वर्षांनी परततो. ही घटना मराठी वाङ्मयाच्या आणि विचाराच्या इतिहासात आज दिसते त्याहून मोठी आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांच्या पांडित्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण त्या पांडित्याच्या मुळाशी असलेली ओढ, एका अपरिचित बौद्ध देशाची ओढ, कशाची बनली होती आणि तो देश प्रत्यक्ष पाहिल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे. धर्मानंदांचे आत्मकथन 'निवेदन' गोव्याच्या 'भारत' या वृत्तपत्रातून प्रथम क्रमशः आले आणि १९२४ साली ग्रंथरूप झाले. या प्रश्नाचे उत्तर देण्यास ते पुरेसे प्रामाणिक पुस्तक आहे.

२

ही ओढ महाराष्ट्रातच का निर्माण व्हावी, याचे एक कारण महाराष्ट्राच्या भूगोलात दडलेले आहे. कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिक, अजिंठा, वेरूळ अशी बौद्ध लेण्यांची जितकी दाट वस्ती सह्याद्रीच्या आसऱ्याने आहे तितकी भारतात अन्यत्र नाही. तरीही लोकांच्या बोलण्यात नाशिकची लेणी 'पांडवलेणी' झाली होती. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारात एकवीरेचे देऊळ उभे राहिले होते. विहार भिक्षूंनी खोदले, व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी त्यांना दाने दिली, हे शिलालेखांत स्पष्ट कोरलेले असताना ती लिपीच वाचता येईनाशी झाली होती. जुन्या पंचांगांच्या मुखपृष्ठावर दशावतारांत बुद्धाच्या जागी विठ्ठलाचे चित्र येत असे. बुद्धाचे नाव राहिले होते, अवतारांच्या यादीत एक जागा राहिली होती, पण धर्म, संघ आणि ग्रंथ या तिन्हींची स्मृती पुसली गेली होती.

एकोणिसाव्या शतकात ही स्मृती हळूहळू परत येऊ लागली, आणि ती संशोधकांच्या मार्गाने आली. १८१९ साली अजिंठ्याची लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. पुढे ब्राह्मी लिपी वाचली गेली. मुंबईत भाऊ दाजी लाड यांनी शिलालेखांच्या वाचनाचे काम हाती घेतले. भाऊ दाजींचा जन्म गोव्यातील मांद्रे येथला. त्यांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखांच्या शोधात देशभर भ्रमण केले आणि नेपाळातही जाऊन तेथील शिलालेखांच्या प्रती घेतल्या. त्या १८८० साली विद्वानांपुढे आल्या. १८८२ साली याच भगवानलालांनी मुंबईच्या उत्तरेस सोपारे येथील स्तूप उकरला, तेव्हा ज्या भूमीत बुद्धाचे नाव परके झाले होते तिच्याच पोटातून धातुकरंडक बाहेर आले. नेपाळची वाट मुंबईतील अभ्यासकांना अशा रीतीने धर्मानंदांच्या आधी पाव शतक ठाऊक झाली होती. मात्र ती लेख वाचणाऱ्याची वाट होती, शिष्य होऊ पाहणाऱ्याची नव्हती.

सामान्य वाचकापर्यंत बुद्ध पोहोचला तो मराठी पुस्तकांतून. एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी काव्याच्या आधारे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र, 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील लेख, आणि १८९८ साली प्रसिद्ध झालेले कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे 'गौतमबुद्धाचे चरित्र' ही त्या काळची ठळक नावे. धर्मानंदांच्या मनात पहिली ठिणगी पडली ती 'बालबोध'मधील बुद्धचरित्राने, आणि काणे यांचे पुस्तक त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. त्याआधी त्यांच्यावर संस्कार होता तो तुकारामाच्या अभंगांचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. शब्दापेक्षा आचरण मोठे आणि संताचा संग शोधत फिरावे, ही वारकरी शिकवण ज्याच्या रक्तात आहे, त्याने बुद्धचरित्र वाचल्यावर पुस्तक मिटून स्वस्थ बसणे कठीण होते. ज्याचे चरित्र इतके हृदयस्पर्शी, त्याचे अनुयायी आज कोठे तरी असतील आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले पाहिजे, असा हा साधा तर्क होता. धर्मानंदांच्या प्रवासाचे बीज या तर्कात आहे.

३

परंतु जायचे कोठे? या टप्प्यावर नेपाळ हे नाव पुढे येते. त्या काळी नेपाळला एक विशेष वलय प्राप्त झाले होते. डिसेंबर १८९६ मध्ये तराईच्या प्रदेशात लुंबिनी येथे अशोकाचा स्तंभ सापडला आणि बुद्धाचे जन्मस्थान नेपाळच्या हद्दीत असल्याचे निश्चित झाले. त्यापूर्वी ब्रायन हॉजसन या काठमांडूतील इंग्रज रेसिडेंटने तेथील संस्कृत बौद्ध हस्तलिखिते मिळवून कलकत्ता, लंडन आणि पॅरिस येथे पाठविली होती. त्यांच्या आधारे यूजेन बुर्नुफ या फ्रेंच पंडिताने १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ लिहिला. भारतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ नेपाळने जपून ठेवले, ही गोष्ट अशा रीतीने विद्वानांत सर्वज्ञात झाली होती, आणि तिचा प्रतिध्वनी काशीच्या पाठशाळांपर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते.

याच्या जोडीला होता त्या राज्याचा बंदिस्तपणा. राणा पंतप्रधानांच्या राजवटीत नेपाळ बाहेरच्या माणसाला सहजासहजी खुले नव्हते. युरोपीय प्रवाशाला दरबाराच्या परवानगीवाचून काठमांडूच्या खोऱ्यात पाऊल टाकता येत नसे. भारतातील यात्रेकरूंना शिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी मुभा मिळे. बंद दारामागे काही तरी अमूल्य असले पाहिजे, अशी मनुष्यस्वभावाची समजूत असते. जो देश पाहता येत नाही त्यात आपल्याला हवे ते सर्व आहे, असे मानणे सोपे जाते. धर्मानंदांच्या मनातील नेपाळ अशा समजुतीतून घडला होता.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्यापूर्वीही ते घराबाहेर पडून परतले होते. या वेळी मात्र ते परतले नाहीत. पुण्यास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. संस्कृतावाचून पुढचा मार्ग नाही हे ओळखून ते इंदूर-ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले, आणि अन्नछत्रात जेवून, हालअपेष्टा सोसून त्यांनी तेथे व्याकरण व काव्य यांचे अध्ययन केले.

या गृहत्यागाची किंमत कोणी दिली, याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक होती. सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची कथा वाचणारे पुष्कळ असतात. ती अक्षरशः स्वतःच्या घरात घडवून आणणारे विरळ, आणि त्या घरात मागे राहणाऱ्यांची कथा सहसा कोणी लिहीत नाही. 'निवेदना'चे एक मोल असे की धर्मानंद स्वतःला या प्रश्नातून सहजासहजी मोकळे करीत नाहीत. तरीही वाचकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे की मराठीतील या असामान्य प्रवासाचा अर्धा भार गोव्यातील एका घरात, ज्या स्त्रीने प्रवास केला नाही तिने सात वर्षे वाहिला. दूरच्या देशाची ओढ हा व्यक्तीचा गुण मानला जातो. तिचा खर्च मात्र बहुधा कुटुंबाच्या खात्यावर पडतो.

४

१९०२ सालाच्या आरंभी धर्मानंद एका नेपाळी सहाध्यायाच्या सोबतीने काशीहून निघाले. त्या काळी रेल्वे रक्सौलपर्यंत होती. तेथून पुढे तराईचे अरण्य, भीमफेदी, चिसापाणीची चढण आणि चंद्रागिरीची खिंड ओलांडून यात्रेकरू काठमांडूच्या खोऱ्यात उतरत. त्या खिंडीतून प्रथमच खाली पसरलेले खोरे, त्यातील देवळांचे कळस आणि पलीकडची हिमशिखरे दृष्टीस पडत. पोटी श्रद्धा असलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला हा देखावा कसा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

खोऱ्यात उतरल्यावर मात्र निराशा पदरी आली. स्वयंभू आणि बौद्धनाथ येथील स्तूप होते, बुद्धाच्या मूर्ती होत्या, पूजा होत होती. पण ज्याच्यापाशी बसून धर्म शिकावा असा भिक्षू नव्हता. नेवारांच्या विहारांत शाक्य आणि वज्राचार्य राहत, परंतु ते गृहस्थ होते. त्यांची मुले बालपणी काही दिवसांपुरती प्रव्रज्या घेत आणि विधिपूर्वक चीवर उतरवून संसारात परतत. पौरोहित्य वंशपरंपरेने चाले. जातिव्यवस्था बौद्धांतही शिरली होती. पशुबळींनी माखलेल्या राज्यात बुद्धाचा अहिंसाधर्म शोधणाऱ्याला हे सर्व पाहून काय वाटले असेल ते उघड आहे. ज्या देशाच्या नावावर सारा प्रवास रचला होता, त्या देशाने शिष्य म्हणून पत्करावे असे कोणी तेथे नव्हते. थोड्याच दिवसांत धर्मानंदांनी नेपाळ सोडला.

या निराशेचे मूल्यमापन दोन बाजूंनी केले पाहिजे. धर्मानंदांची बाजू अशी की ते पुराणवस्तू पाहण्यास गेले नव्हते. त्यांना गुरू हवा होता, आणि तो नव्हता. जे नव्हते ते नाही म्हणून सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. इतक्या कष्टाने गाठलेल्या स्थळाची थोरवी गाण्याचा मोह प्रवाशाला होतोच. आपले श्रम वाया गेले असे म्हणणे त्याला जड जाते. 'निवेदन' या मोहाला बळी पडत नाही, आणि म्हणूनच त्यातील नेपाळप्रकरण मराठी प्रवासवाङ्मयात वेगळे ठरते.

दुसरी बाजू नेपाळची आहे, आणि ती मांडली नाही तर इतिहास अपुरा राहील. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही १८९८ साली याच खोऱ्यात येऊन गेले होते. नेपाळवरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचे प्रकाशन १९०५ पासून सुरू झाले. जपानी भिक्षू कावागुची एकाई १८९९ साली तिबेटच्या वाटेवर काठमांडूत थांबले आणि १९०३ साली पुन्हा आले. महाकोश मानावी अशी संस्कृत बौद्ध ग्रंथांची संपदा त्यांना तेथे दिसली. १९०७ साली हरप्रसाद शास्त्री यांना दरबारच्या ग्रंथालयात चर्यापदांचे हस्तलिखित मिळाले आणि बंगाली भाषेचा इतिहास काही शतके मागे गेला. हे सर्व ज्या विहारांत आणि ज्या ग्रंथालयात होते, त्यांच्या परिसरातून धर्मानंद १९०२ साली रिकाम्या हाताने परतले. ज्या गृहस्थ वज्राचार्यांत त्यांना भिक्षू दिसला नाही, त्यांच्याच पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या 'प्रज्ञापारमिता', 'ललितविस्तर', 'सद्धर्मपुंडरीक' यांच्या प्रती उतरवून काढल्या होत्या. भारतातील विहार उजाड झाल्यावर हे ग्रंथ जगले ते या संसारी माणसांमुळे. शोधणाऱ्याला हवे होते ते तेथे नव्हते, म्हणून जे होते ते त्याला दिसले नाही.

'अपरिचित देश' ही संज्ञा नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूची असते. नेवार व्यापारी कित्येक शतके ल्हासा आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये ये-जा करीत होते. त्यांच्या दृष्टीने ते खोरे जगाच्या वाटेवरचे गाव होते. त्याला अज्ञात मानणारा आपल्या अज्ञानाचा रंग त्या भूमीला देत असतो. धर्मानंदांनी पुस्तकातील बुद्धाच्या मापाने नेपाळ मोजला आणि तो उणा ठरला. मापच अपुरे असू शकेल, ही शंका त्या वयात त्यांना आली नाही. पुढे आयुष्यभर त्यांची निष्ठा पाली त्रिपिटकाशी राहिली, तिचे एक कारण या पहिल्या अपेक्षाभंगात शोधता येईल.

५

निराशा पुष्कळांना घरी आणते. धर्मानंदांना ती पुढे घेऊन गेली. बोधगयेस भेटलेल्या एका भिक्षूने सिंहलद्वीपाची वाट दाखविली. कलकत्ता आणि मद्रासमार्गे ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले. तेथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केलेले विद्योदय परिवेण हे पाली अध्ययनाचे मोठे केंद्र होते. सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी चीवर धारण केले आणि पालीचे अध्ययन सुरू केले. नेपाळात जे मिळाले नाही ते, म्हणजे गुरू, ग्रंथ आणि जिवंत संघ, येथे मिळाले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. १९०४ साली ञाणतिलोक या जर्मन भिक्षूसह ते उत्तर ब्रह्मदेशातील सगाईंगच्या टेकड्यांत ध्यानाभ्यासासाठी राहिले. गोव्याचा एक तरुण आणि वीसबाडनचा एक तरुण, दोघे आपापली जन्मभूमी सोडून इरावतीच्या काठी एका ब्रह्मी आचार्याकडून ध्यान शिकत आहेत, हे चित्र त्या काळच्या बौद्ध जगाच्या घडामोडींवर पुष्कळ प्रकाश टाकणारे आहे.

या देशांत धर्मानंदांना आणखी एक गोष्ट उमगली. बुद्धवचन ज्या भाषेत आहे ती भारताची, पण ती वाचायची असेल तर सिंहली किंवा ब्रह्मी लिपी शिकावी लागे, नाही तर युरोपात छापलेली रोमन लिपीतील पुस्तके धुंडाळावी लागत. देवनागरीत पाली ग्रंथ जवळजवळ नव्हतेच. आपल्याच घरातील ठेव शेजाऱ्यांच्या कुलपात राहिली होती. शेजाऱ्यांनी ती दोन हजार वर्षे जपली होती, हेही तितकेच खरे. या जाणिवेने त्यांच्या प्रवासाला वळण दिले. आरंभी स्वतःच्या मुक्तीसाठी निघालेला मनुष्य आता काही तरी परत नेण्याच्या विचारात पडला.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले, चीवर उतरविले आणि अध्यापनास लागले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करण्याच्या अटीवर दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाचे काम सोडून त्यांनी ते स्वीकारले. मुंबई विद्यापीठात पालीच्या अध्ययनाला स्थान मिळवून देण्यात त्यांचा वाटा होता. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविले. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली आणि हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० साली निघाली. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'बौद्धसंघाचा परिचय' आणि 'भगवान बुद्ध' या ग्रंथांनी मराठी वाचकाला बुद्धाचा परिचय मूळ साधनांवरून करून दिला. 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ पुढे साहित्य अकादमीने अन्य भारतीय भाषांत नेला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला, तेव्हा कोलंबो आणि सगाईंग येथून निघालेली वाट गिरण्यांच्या दारापर्यंत येऊन पोहोचली होती.

६

मराठी माणसाच्या मनातील बौद्ध देशांच्या ओढीचा दुसरा आणि अधिक व्यापक अध्याय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. तो धर्मानंदांच्या प्रवासाशेजारी ठेवून पाहिला तर काही साम्ये चकित करतात. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दलच्या सत्कारप्रसंगी केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र तरुण भीमरावांना भेट दिले होते. ज्या मराठी चरित्रवाङ्मयाने एकाला नेपाळच्या वाटेला लावले, त्याच परंपरेतले पुस्तक दुसऱ्याच्या हाती असे आले.

१९५० साली जागतिक बौद्ध बंधुसंघाची पहिली परिषद सिंहलद्वीपात कँडी येथे भरली, तेव्हा आंबेडकर तेथे गेले. बौद्धांचे आचार आणि विधी प्रत्यक्ष पाहावेत, हा त्यांचा एक हेतू होता. १९५४ साली ते दोनदा रंगूनला गेले, आणि डिसेंबरमधील तिसऱ्या परिषदेहून परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी प्रतिष्ठापना केली. तुकारामाच्या देहूपासून हे स्थळ हाकेच्या अंतरावर आहे. तुकारामाच्या अभंगांपासून निघून रंगूनपर्यंत गेलेल्या धर्मानंदांच्या प्रवासाची दिशा पन्नास वर्षांनी जणू उलटी झाली. रंगूनची मूर्ती इंद्रायणीच्या परिसरात आली.

त्यानंतरचा टप्पा नेपाळचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. ती दीक्षा त्यांना देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे आराकानचे आणि कुशीनगरात स्थायिक झालेले. त्यांचा जन्म धर्मानंदांच्याच वर्षी, १८७६ साली झालेला. नेपाळातील अनेक तरुणांनाही प्रव्रज्या मिळाली होती ती याच चंद्रमणींकडून. राणांच्या राजवटीने १९४४ साली या नव्या भिक्षूंपैकी आठ जणांना देशाबाहेर घालविले. १९५१ साली ती राजवट गेली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये बौद्ध बंधुसंघाची चौथी परिषद काठमांडूतच भरली. १९०२ साली ज्या खोऱ्यात धर्मानंदांना एकही गुरू सापडला नव्हता, तेथे आता अनेक देशांचे भिक्षू जमले होते. त्यांच्यासमोर २० नोव्हेंबर रोजी आंबेडकरांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. परतीच्या वाटेवर ते काशीस थांबले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची ही शेवटची परदेशयात्रा ठरली.

दोघांच्या प्रवासांतील भेदही तितकाच बोलका आहे. धर्मानंद विद्यार्थी म्हणून गेले, आंबेडकर परीक्षक म्हणून. धर्मानंदांना स्वतःसाठी गुरू हवा होता, तर आंबेडकरांना एका संपूर्ण समाजासाठी घर हवे होते, आणि ते घर राहण्याजोगे आहे की नाही हे पाहून घेणे त्यांना भाग होते. बौद्ध देशांतील उणिवा त्यांनाही दिसल्या. परंतु त्या उणिवांनी ते माघारी फिरले नाहीत, कारण त्यांची ओढ त्या देशांच्या आजच्या रूपाशी बांधलेली नव्हती. 'भगवान बुद्ध'मध्ये धर्मानंदांनी चार दृश्यांची पारंपरिक कथा बाजूला सारून सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या कलहात शोधले होते. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्याग याच कलहाशी जोडलेला आहे. व्यक्तिगत वैराग्यापेक्षा सामाजिक संघर्षाला महत्त्व देणारी ही मांडणी दोघांना जवळ आणते. काही वर्षे परदेशी विहारांत काढलेल्या धर्मानंदांना जे अखेरीस दिसले, ते असे पुढील पिढीच्या कामी आले.

७

यानंतरच्या काळात पूर्वेकडील देशांचा प्रवास मराठी माणसाला पुष्कळ सुलभ झाला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'ने (१९६३) आग्नेय आशिया आणि जपान यांची रसिक ओळख करून दिली, आणि पश्चिमेकडेच पाहण्याची सवय जडलेल्या मध्यमवर्गीय वाचकाला पूर्वेकडे वळविले. लुंबिनीचा समावेश १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. भूतान, लाओस, कंबोडिया ही नावे आता सहलींच्या जाहिरातींतून येतात, आणि अनाघ्रात, शांत, प्राचीन अशी विशेषणे त्यांच्या जोडीला असतात. ही विशेषणे नवी नाहीत. १९०२ साली काशीच्या अन्नछत्रात बसलेल्या एका तरुणाच्या मनात नेपाळविषयी थोड्याफार फरकाने हीच विशेषणे होती.

फरक आहे तो पुढच्या पायरीचा. सहल सुखरूप व्हावी म्हणून अपेक्षाभंग टाळला जातो. जे पाहायचे ते आधीच ठरलेले असते आणि तेच दाखविले जाते. धर्मानंदांच्या प्रवासात अपेक्षाभंगाला पहिले स्थान आहे. मनातील देश आणि पायाखालचा देश यांत अंतर पडले, ते त्यांनी लपविले नाही आणि त्याला आपल्या शोधाचा शेवटही मानले नाही. त्या अंतरातून ते एका दुसऱ्या देशाकडे आणि तेथून एका भाषेकडे गेले. ती भाषा घेऊन ते परतले तेव्हा महाराष्ट्राच्या डोंगरांत शतकानुशतके कोरलेल्या अक्षरांचे सगोत्र ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आले. कार्ल्याचे आणि कान्हेरीचे दानलेख ज्या विचाराने कोरले गेले, तो समजून घेण्यास साखवाळच्या माणसाला कोलंबो आणि सगाईंगपर्यंत जावे लागले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांनी प्रायोपवेशनाने देह ठेवला. ज्या नेपाळने त्यांना परत पाठविले, त्या नेपाळविषयी त्यांनी लिहिलेली पाने मराठीत आजही वाचली पाहिजेत, ती त्यांच्या त्रुटींसह. त्या पानांतील तरुणाला काही गोष्टी दिसल्या नाहीत, हे आज कळते. पण जे दिसले ते त्याने खरे सांगितले, आणि जे शोधीत होता ते सापडेपर्यंत तो चालत राहिला.